गाडी टोइंगला गेली तर: जागेवर, चौकीत आणि त्यानंतर

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. दवाखान्याखाली दुचाकींची रांग होती, तिच्यातच माझी स्कूटर लावली. तासाभराने खाली आलो तर सगळी रांगच गायब. रस्त्याच्या कडेला खडूने चौकीचं नाव लिहिलेलं होतं, तेही पावसाने अर्धं पुसलेलं. आईला रिक्षाने घरी सोडलं, दुसऱ्या रिक्षाने चौकीत गेलो, मुकाट्याने पैसे भरले, पावती खिशात कोंबली आणि अंधारात स्कूटर घरी आणली. सकाळी हँडल लॉक करायला गेलो तर किल्ली फिरेना. मेकॅनिकने बघताक्षणी सांगितलं, "हँडलला झटका देऊन लॉक तोडलंय." लॉकसेटचा खर्च हजाराच्या घरात गेला. तसाच चौकीत परत गेलो, तेव्हा टेबलामागून एकच प्रश्न आला: "काल नेताना का नाही सांगितलंत?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो नव्हता, पावतीवर शेरा नव्हता, गाडी ताब्यात घेताना मी तिच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या कुणाची गाडी उचलली की मी त्यांच्याबरोबर जातो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कायद्याने गाडीमालकाला बऱ्यापैकी संरक्षण दिलंय, पण ते मिळायचं की घालवायचं हे चौकीच्या आवारातल्या पंधरा मिनिटांत ठरतं. गाडी बाहेर काढलीत की पुरावा संपला. म्हणून या लेखात त्या पंधरा मिनिटांवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

गाडी जागेवर दिसत नाही

आधी जागेचे फोटो काढा. गाडी शोधायची घाई असते हे मान्य, पण नो पार्किंगचा बोर्ड तिथे होता का, असला तर झाडाच्या फांदीआड होता का, रस्त्याच्या कडेला रंगाच्या पट्ट्या होत्या का, बाजूला आणखी कोणत्या गाड्या तशाच उभ्या आहेत, हे सगळं आत्ता दिसतंय तसं उद्या दिसेलच असं नाही. गाडी लावली होती त्या जागेवर उभं राहून चारही दिशांना एकेक फोटो काढा. बोर्ड असेल तर तो वाचता येईल इतक्या जवळून वेगळा घ्या. मोबाइलमधल्या फोटोला तारीख-वेळ आपोआप लागते, त्यामुळे ते फोटो दुसऱ्याकडून फिरवून न घेता मूळ स्वरूपात जपून ठेवा.

मग खाली बघा. बऱ्याच ठिकाणी खडूने चौकीचं किंवा वाहतूक विभागाचं नाव लिहून ठेवतात. ते नसेल तर पानवाला, रखवालदार, समोरचा रिक्षावाला यांना विचारा. टोइंगची व्हॅन किती वाजता आली, वर्दीतला पोलीस बरोबर होता का, भोंग्यावरून नंबर पुकारला होता का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. ही माहिती पुढे लागते.

त्याच वेळी महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून बघा. चलन निघालं असेल तर बऱ्याचदा तिथेच ठिकाण आणि वेळ दिसते. आरटीओकडे तुमचा जुना मोबाइल नंबर नोंदलेला असेल तर एसएमएस येणार नाही. हे ज्यांचं राहून गेलंय त्यांनी आजच बदलून घ्यावं.

शहराच्या वाहतूक नियंत्रण कक्षाला किंवा ११२ ला फोन लावल्यावरही गाडी उचलल्याची नोंद सापडली नाही, तर ती चोरीला गेलीय असं धरून चाला. लगेच पोलीस ठाण्यात फिर्याद द्या आणि विमा कंपनीला कळवा. "बहुधा टोइंगला गेली असेल, उद्या बघू" म्हणून रात्र घालवलेल्या माणसाला विमा कंपनी पहिला प्रश्न उशिराचाच विचारते.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम १२७ एकदा शांतपणे वाचून ठेवावं. कायदा केंद्राचा असल्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर, पणजी, सगळीकडे हेच कलम चालतं. त्यात टोइंगला किंवा चाकाला जॅमर लावायला दोन कारणं दिलीत. एक, गाडी सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस वा लक्ष न देता सोडलेली असणं. दुसरं, पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी ती उभी असणं. त्याशिवाय, अशी सोडून दिलेली, जळालेली किंवा मोडकी गाडी वाहतुकीला धोका किंवा अडथळा ठरत असेल तर ती लगेच हलवता येते.

यातले दोन शब्द मालकाच्या कामाचे आहेत. पहिला "वर्दीतला". जागेवरून गाडी हलवायची परवानगी त्या हद्दीतल्या वर्दीधारी पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते. क्रेनवर काम करणारी मुलं ठेकेदाराची असतात. त्यांना स्वतःच्या मर्जीने गाडीला हात लावायचा अधिकार या कलमात नाही. ट्रॅफिक वॉर्डनला नाही, पे अँड पार्कवाल्यालाही नाही. व्हॅनमध्ये वर्दीतलं कुणी नसताना गाडी उचलली असेल, तर तक्रारीचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच.

दुसरा शब्द "कायद्याने". नो पार्किंग ठरवण्याचा अधिकार शासनाने नेमलेल्या यंत्रणेला आहे. कलम ११५ ते ११७ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३३ यांच्या आधारे सहसा वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त तशी अधिसूचना काढतात. दुकानदाराने शटरवर रंगवलेलं "नो पार्किंग, हवा काढली जाईल" किंवा सोसायटीने फाटकाबाहेर रस्त्यावर ठेवलेल्या कुंड्या म्हणजे अधिसूचना नव्हे. मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. बोर्ड नसला तरी पदपथावर, झेब्रा क्रॉसिंगवर, बसथांब्यापाशी, शाळा-रुग्णालयाच्या दारात, वळणावर, पुलावर किंवा दुसऱ्या गाडीच्या बाजूला दुसरी रांग करून गाडी लावायला वाहतुकीच्या नियमांनीच मनाई आहे. तिथे "बोर्ड कुठाय?" हा प्रश्न टिकत नाही. पदपथावर गाडी लावून वाद घालणाऱ्याबरोबर मी चौकीत जात नाही. त्या गाडीमुळे आजीबाईंना रस्त्यावर उतरून चालावं लागतं.

पुण्यात आणखी एक खाचखळगा आहे, पी-१ आणि पी-२. एका तारखेला रस्त्याची एक बाजू, दुसऱ्या तारखेला दुसरी. रात्री दहाला बरोबर बाजूला लावलेली गाडी बारा वाजता तारीख बदलली की चुकीच्या बाजूला होते. रात्रभर मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या सकाळी याच कारणाने जातात. पाहुणे गाडी घेऊन आले की तारीख तुम्हीच त्यांना सांगा.

पैशांचं म्हणाल तर दोन वेगळ्या गोष्टी असतात. दंड, म्हणजे गुन्ह्याची रक्कम. आणि टोइंगचा खर्च, जो कलम १२७ च्या तिसऱ्या पोटकलमाने मालकावर टाकलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ खालचा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत आहे; महाराष्ट्रात हे वाढीव आकडे डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. टोइंगचा खर्च शहरागणिक आणि ठेक्यागणिक बदलतो, त्यावर जीएसटी लागतो. स्थानिक पातळीवर आकडे अचानक चढूही शकतात. जुलै २०१९ मध्ये मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरातल्या बेकायदा पार्किंगला दुचाकीसाठी ५,००० आणि चारचाकीसाठी १०,००० रुपयांपासून दंड लावला होता. म्हणून शेजाऱ्याने मागच्या वर्षी किती भरले यावर जाऊ नका, चौकीत लावलेला दरफलक बघा. फलक नसेल तर मागा.

डोळ्यांसमोर उचलली जात असेल तर

व्हॅन अजून हललेली नाही आणि तुम्ही पोचलात, तर धावत जाऊन क्रेनला लटकू नका. वर्दीतल्या पोलिसाकडे जा, आवाज न चढवता म्हणा, "साहेब, मी गाडीमालक आहे, गाडी लगेच हलवतो. दंडाचं चलन करा." टोइंगचा हेतू रस्ता मोकळा करणं हा आहे आणि मालक स्वतः तो मोकळा करून देतोय. गाडी जागेवरून हलवलीच नसेल तर टोइंगचा खर्च कशाचा, हा प्रश्न विचारायला पूर्ण जागा आहे. प्रत्यक्षात गाडी हवेत लटकली की वाद सुरू होतो, चाकं जमिनीवर असली की बहुतेक वेळा सुटतो. भोंग्यावरून नंबर पुकारून थोडा वेळ थांबायचं, ही मुंबई-पुण्यात अपेक्षित रीत आहे. कलम १२७ मध्ये मात्र ती लिहिलेली नाही, त्यामुळे तेवढ्याच मुद्द्यावर सगळी मदार ठेवू नका.

गाडीत माणूस असेल तर ती उचलायचीच नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक आई गाडीत बाळाला दूध पाजत असताना गाडी टो केली गेली. त्याचा व्हिडिओ राज्यभर पोचला आणि त्या पोलीस कर्मचाऱ्याचं निलंबन झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत तर दुचाकी मालकासकट क्रेनने वर उचलली गेली, तिथेही कारवाई झाली. दोन्ही वेळा घटना बाहेर आली ती कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं म्हणून.

चित्रण करायचा तुम्हाला हक्क आहे. रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसाचं चित्रण करू नये असा कायदा नाही. पोलीस ठाण्यातल्या चित्रणाबद्दलही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमाखालचं निषिद्ध ठिकाण नाही, त्यामुळे त्या कायद्याखाली तो गुन्हा होत नाही. फक्त दोन पावलं लांब उभं राहून करा. मोबाइल तोंडासमोर नाचवणं, व्हॅनसमोर आडवं होणं, हात धरणं यातून शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ किंवा थेट १३२, तुमच्यावर येतो. पाचशे रुपयांच्या दंडासाठी कोर्टाच्या वर्षानुवर्षांच्या तारखा अंगावर घेतलेली माणसं मी पाहिलीत.

चौकीच्या आवारात, पैसे भरण्याआधी

आता ती पंधरा मिनिटं.

चौकीत गेल्यावर आधी टेबलाशी जाऊ नका. गाडी कुठे उभी केलीय ते विचारा आणि गाडीपाशी जा. आत जाऊ देत नसतील तर सांगा, "पैसे भरतोच आहे साहेब, आधी गाडी बघू द्या." यात कुणाचा अपमान नाही. आपण घरी गॅसचा सिलिंडरही वजन बघून घेतो.

दुचाकी असेल तर ती दोन-तीन मुलांनी हाताने उचलून टेम्पोत एकीला एक चिकटवून ठेवलेली असते, त्यामुळे मार ठरलेल्या जागीच बसतो. दोन्ही आरसे, चारही इंडिकेटर, ब्रेक आणि क्लचचे लिव्हर यांची टोकं, सायलेन्सरची जाळी, नंबरप्लेटचा कोपरा बघा. मग माझं राहून गेलेलं काम करा: किल्ली लावून हँडल लॉक दोनदा लावून-उघडून बघा. हँडल लॉक असलेली गाडी उचलताना ते जोर लावून सरळ करतात आणि आतली पिन तुटते, वरून काहीच दिसत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा, हँडल सरळ आहे का बघा. खाली वाकून पेट्रोलचा वास घ्या. आडवी पडली असेल तर टाकीच्या झाकणाभोवती ओल असते. डिकी उघडून आतल्या वस्तू, हेल्मेट, रेनकोट मोजा.

चारचाकीला मार वेगळ्या ठिकाणी बसतो. पुढची चाकं उचलून नेली असतील तर बंपरची खालची कड आणि त्याचे क्लिप, चाकामागचं प्लॅस्टिक, नंबरप्लेट बघा. गाडी तुम्ही हँडब्रेक लावून ठेवली होती, मग मागची चाकं फिरत गेली की घासत? टायरला एकाच जागी घासलेला सपाट पट्टा दिसला तर घासत आणलंय. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल आणि जी चाकं इंजिन किंवा मोटर फिरवते तीच जमिनीवर ठेवून ओढली असेल, तर गिअरबॉक्सला किंवा मोटरला मार बसू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. अशी गाडी सुरू करण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. दारांची कुलपं, काचेच्या रबराजवळ पट्टी घातल्याच्या खुणा, आतले कागद आणि पैसे हे आलंच.

हे सगळं बघताना एक सलग व्हिडिओ घ्या. गाडीच्या नंबरप्लेटपासून सुरू करा, पूर्ण फेरी मारा, शेवटी चौकीची पाटी दिसू द्या. मध्ये थांबवू नका. तुकड्यातुकड्यांच्या व्हिडिओला "हे नंतरचं असेल" म्हणता येतं.

नुकसान दिसलं तर गाडी सुरू करू नका आणि आवारातून हलवूही नका. टेबलापाशी जाऊन तोंडी न सांगता कागदावर लिहा. साधा मजकूर पुरतो:

"आज दिनांक अमुक, वेळ अमुक. माझी गाडी क्रमांक अमुक अमुक ठिकाणाहून टोइंग करून आपल्या ताब्यात आणली आहे. ताबा घेण्यापूर्वी पाहणी केली असता पुढील नुकसान आढळले: उजवा आरसा तुटलेला, हँडल लॉक निकामी. दंड व टोइंग खर्च मी तक्रारीचा हक्क राखून भरत आहे."

दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार आला तर त्याच कागदाचा फोटो काढून चौकीतूनच पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयाला ईमेल करा. त्यावर वेळ पडते. पावतीवर किंवा गाडी सोडल्याच्या नोंदवहीत सही करताना "गाडी सुस्थितीत मिळाली" असं छापलेलं असेल तर ते वाचूनच सही करा. नुकसान असेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने "नुकसानीसह, तक्रार दिली आहे" असं लिहा. मागे कितीही रांग लागलेली असो.

कागदपत्रांचा प्रश्न सोपा आहे. आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दाखवलेली चालतात, मूळ कागदाचा हट्ट धरता येत नाही. गाडी भावाची किंवा मित्राची असेल तर त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर सहीचं अधिकारपत्र आणि त्याचं ओळखपत्र मागवून ठेवा. विमा संपलेला असेल तर मात्र नवा प्रश्न उभा राहतो. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर चालवणं हा कलम १९६ चा वेगळा गुन्हा आहे, पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. चौकीत बसल्याबसल्या ऑनलाइन विमा काढा आणि तो सुरू होण्याची तारीख-वेळ बघूनच गाडी हलवा.

पावतीत दंड, टोइंग खर्च आणि जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. गाडी क्रमांक, ठिकाण, वेळ, कलम आणि कारवाई करणाऱ्याचा बक्कल नंबर किंवा नाव हेही. जुनी थकलेली चलनं एकदमच भरा असा आग्रह होतो. जी मान्य आहेत ती भरून टाका. जे मान्य नाही त्याबद्दल सांगा की कलम २०० खाली पैसे भरून मिटवणं ही तडजोड आहे, ती मला मान्य नाही आणि ते चलन मला न्यायालयात मांडायचं आहे.

नुकसानभरपाई कुणाकडे मागायची

गाडी नियमाने उचलली होती, म्हणजे नुकसान झालं तरी बोलायचं नाही, असा समज पसरलाय. तो चुकीचा आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात राज्य विरुद्ध मेमन महोमद हाजी हसन या खटल्यात हा मुद्दा निकाली काढला. जुनागढच्या कस्टम खात्याने जप्त केलेल्या गाड्या अपील चालू असतानाच बेवारस म्हणून विकल्या गेल्या होत्या. न्यायालयाने म्हटलं की करार नसला तरी दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्या शासनावर ती नीट सांभाळायची जबाबदारी येते. वस्तू परत करता येत नसेल तर किंमत द्यावी लागते. करार कायद्याच्या कलम १५१ मध्ये असाच दंडक आहे: स्वतःची वस्तू असती तर शहाण्या माणसाने जेवढी काळजी घेतली असती, तेवढी. तुमच्या तक्रारीत या दोन्हींचा उल्लेख करा. वाहतूक शाखेत पत्र वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस नुसता चिडून आलेला नाही.

तक्रार त्या वाहतूक विभागाचे पोलीस निरीक्षक, वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त आणि टोइंगचा ठेकेदार, तिघांनाही एकाच वेळी द्या. सोबत चौकीतला अर्ज, व्हिडिओ आणि मेकॅनिकचं लेखी कोटेशन जोडा. कोटेशनमध्ये भाग कशामुळे तुटला याबद्दल एक ओळ लिहून घ्या. माझ्या अनुभवात लहान रकमा याच टप्प्यावर सुटतात, कारण ठेकेदाराला वरून विचारणा झाली की तो भाग बदलून देऊन मोकळा होतो.

रक्कम मोठी असेल, म्हणजे गिअरबॉक्स, सस्पेन्शन वगैरे, तर विम्याकडे बघा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असलेल्या पॉलिसीत रस्त्याने गाडी वाहून नेताना झालेलं नुकसान सहसा येतं. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, त्यामुळे दोन हजारांच्या बंपरसाठी तो वापरू नये. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातलं काही मिळणार नाही.

कोर्टात जायचं ठरलं तर वेळ महत्त्वाचा. जंगम मालमत्तेच्या नुकसानीच्या दाव्याला एरवी तीन वर्षं असतात, पण शासनावर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. पोलिसांच्या कर्तव्यातल्या कृतीविरुद्धच्या दाव्याला तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ ची आखूड मुदत आड येते. पहिल्याच महिन्यात वकिलाला कागद दाखवा. ग्राहक आयोगाचा मार्ग पुष्कळांना सुचतो, पण तिथे तुम्ही ही सेवा विकत घेतली होती का यावरच वाद होतो. मी स्वतः तो मार्ग आधी सुचवत नाही.

दंडच मान्य नसेल तर

गाडी अडकून पडलेली असताना तत्त्वासाठी ती तिथेच ठेवणं परवडत नाही, आणि फार दिवस पडून राहिली तर बेवारस ठरून लिलावापर्यंत जाऊ शकते. पण एक लक्षात ठेवा, दंड भरून तडजोड केली की कलम २०० प्रमाणे ते प्रकरण तिथेच मिटतं. म्हणून चलन खरोखर चुकीचं वाटत असेल तर आधी विचारा, "टोइंगचा खर्च भरतो, दंडाचं प्रकरण न्यायालयात पाठवाल का?" ई-चलनाची रक्कम नंतरही भरता येते, त्यामुळे हे अशक्य नाही. मग पोर्टलवरच्या किंवा ॲपवरच्या तक्रार विभागात, चलनावर दिलेल्या मुदतीत, जागेचे फोटो चढवा. तिथे दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाता येतं. लोकअदालतीत चलनं कमी रकमेत मिटतात हे खरं, पण ती मिटवण्याची जागा आहे, चूक-बरोबर ठरवण्याची नव्हे.

गाडी विकलीय पण नाव बदललेलं नाही, आणि टोइंगचं चलन तुमच्या नावावर आलंय? कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. आधी आरटीओत हस्तांतरण पूर्ण करा, चलनाचं नंतर बघू.

पावतीशिवाय पैसे मागितले तर

देऊ नका. "पावती नको असेल तर अर्ध्यात करतो" हे वाक्य ऐकलंत की समजा की समोरचा लाच मागतोय आणि तुम्हालाही त्यात ओढतोय. शांतपणे "पावती करा, पूर्ण भरतो" म्हणा. तरी अडवणूक झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, आणि एरवीच्या तक्रारींसाठी आपले सरकार पोर्टल. पोर्टलवर तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

सोसायटीने आवारात जॅमर लावला तर तो प्रकार वेगळा. कलम १२७ सार्वजनिक जागेसाठी आहे आणि ते अधिकार पोलिसांचे आहेत. सोसायटीच्या कमिटीला किंवा तिच्या रखवालदाराला ते वापरता येत नाहीत. तिथे सोसायटीचे उपविधी बघावे लागतात आणि तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाते.

माहिती अधिकाराचा अर्ज

तक्रारीला दोन-तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही की मी हा अर्ज करायला सांगतो. वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा ऑनलाइन. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यामुळे गाऱ्हाणं लिहू नका, फक्त कागद मागा. अमुक रस्त्यावर नो पार्किंग जाहीर करणाऱ्या अधिसूचनेची प्रत. अमुक तारखेला, अमुक वेळी त्या व्हॅनवर ड्यूटीवर असलेल्या पोलीस कर्मचाऱ्याचं नाव व पद. टोइंगच्या ठेक्याच्या कराराची प्रत, खास करून वाहनाच्या नुकसानीची जबाबदारी कुणाची हे सांगणारी अट. त्या दिवसाच्या टोइंग नोंदवहीतलं माझ्या गाडीचं पान.

उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. अधिसूचना सापडली नाही असं लेखी उत्तर आलं, तर त्या रस्त्यावर उचललेल्या तुमच्याच नव्हे, रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या चलनावर दाद मागता येते. त्या उत्तराची प्रत दवाखान्याच्या रिसेप्शनवर आणि खालच्या पानवाल्याकडेही देऊन ठेवा.